जांभळ्या कापडाखालचे धागे

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडल्या की दोन गोष्टी घडतात. आधी मला शिंका सुरू होतात, आणि मग अंधेरीहून फिलूआत्याचा फोन येतो. "बाटल्या जमवल्यास काय गं?" एवढंच ती विचारते. कशी आहेस, काय जेवलीस, असलं काही नाही. फिलूआत्या म्हणजे माझ्या डॅडींची थोरली बहीण, फिलोमिना. आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक लोकांचा बॉटल मसाला नावाप्रमाणे बाटलीतच भरावा लागतो, आणि बाटली कुठली, तर बियरची. तपकिरी काचेतून ऊन जात नाही, मसाल्याचा रंग टिकतो. मी इथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि सोसायटीत मला सगळे 'टीचर' म्हणतात. दरवर्षी मार्चअखेर ही टीचर दारोदार रिकाम्या बियरच्या बाटल्या मागत फिरते. आमची सोसायटी निम्मी गुजराती, कांदा-लसूणही वर्ज्य असलेली. तळमजल्यावरच्या शाहकाकांनी पहिल्या वर्षी "आमच्याकडे कुठून असणार?" असं म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराबाहेर काळ्या पिशवीत अकरा बाटल्या होत्या, स्वच्छ धुतलेल्या. त्याबद्दल आम्ही दोघांनी आजवर एक शब्द काढलेला नाही.

हे दरवर्षीचंच. पण गच्चीवरच्या त्या लाल पसाऱ्याकडे बघत नाक पुसताना मी दर वेळी एकाच मोसमात जाऊन बसते. त्या मोसमात आमच्या अंधेरीच्या घरी, देवाच्या तसबिरीखाली, जांभळ्या कापडाने झाकलेली एक चौकट होती, आणि त्या कापडाखाली माझी तीन वर्षं होती.

तेव्हा मी गावठाणातल्या आमच्या घरीच राहत होते. घरात तिघंच. डॅडी, आत्या आणि मी. मम्मी मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याचं. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते आणि माझं चौथं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षी नातेवाईक "काय विषय?" विचारतात, तिसऱ्या वर्षी "अजून किती?" विचारतात. चौथ्या वर्षी काही विचारत नाहीत, नुसते बघतात.

विषय होता यीस्ट. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा डॅडींनी वर्तमानपत्र खाली घेतलं, "चांगलं आहे," म्हणाले आणि पुन्हा वर धरलं. आत्याला मात्र ते पटेना. आत्या लग्नाकार्याला फुगे करून द्यायची. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट घालून पीठ आंबवायचं, मुठीत धरून अंगठ्याजवळून त्याचा गोळा पिळायचा आणि तेलात सोडायचा. तो फुगून गोल होतो, आणि आमचं कुठलंही लग्न त्याशिवाय लागल्यासारखं वाटत नाही. चाळीस वर्षं यीस्ट हाताळणारी बाई मला म्हणाली, "त्यात शिकायचं काय असतंय? कोमट पाणी घे, चिमूटभर साखर घाल. अर्ध्या तासात उठलं तर जिवंत. नाय उठलं तर फेक."

माझं काम होतं उपाशी यीस्टवर. प्रत्येक पेशीत हजारो एन्झाइमं असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. एक काना चुकून जास्त पडला तर विकार होईल असा तो शब्द. साखर फोडणं, चरबी बांधणं, डीएनएला लागणारा कच्चा माल तयार करणं, पेशीतली अशी सगळी कामं ही एन्झाइमं करतात. माझं एन्झाइम या शेवटच्या खात्यातलं. यीस्टला खायला भरपूर असतं तेव्हा ते पेशीभर विखुरलेलं असतं आणि आपलं काम करत असतं. खाणं संपलं की त्याचे रेणू एकाला एक लागून ओळीत बसतात आणि पेशीच्या आत एक धागा तयार होतो. धाग्यात असताना त्यांचं काम बंद. पुन्हा साखर मिळाली की थोड्याच वेळात धागा मोडतो, रेणू सुटे होतात आणि काम सुरू. असे धागे बांधणारं हे एकटंच नाही. अशी कितीतरी एन्झाइमं आहेत, माशांच्या पेशींत आहेत, माणसांच्या पेशींतही आहेत. इतकी वर्षं पेशीकडे डोळे लावून बसलेल्या लोकांना ते फार उशिरा दिसले, याचं मला अजून नवल वाटतं. आणि थोडं बरंही वाटतं. मला घरातला चष्मासुद्धा सापडत नाही.

वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, "मॅडम, परीक्षेला येणार का?" नाही म्हटलं की पेनं खाली ठेवतात, आणि गंमत म्हणजे मग ऐकतात.

मॅडम ऐकलं की मला मात्र माझ्या मॅडम आठवतात. माझ्या गाइड. मुलुंडला राहायच्या. कॉटनची साडी आणि वाक्य, दोन्ही कडक इस्त्रीची. त्यांना उपमा चालत नसत. मी एकदा प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं की एन्झाइमं रेशनच्या रांगेतल्या माणसांसारखी उभी राहतात. त्यांनी समासात लिहिलं, 'रांगेतली माणसं शांत नसतात, भांडतात. उपमा काढ.'

आता, एन्झाइम काही नुसतं दिसत नाही. म्हणून त्याला हिरवं चमकणारं एक प्रथिन जोडतात, म्हणजे त्याच्या पाठीवर एक दिवाच लावतात. मग मायक्रोस्कोपखाली जिथे एन्झाइम तिथे हिरवा उजेड. मी काढलेल्या एका फोटोत तीसेक पेशी होत्या आणि प्रत्येकीत एकेक लांब, किंचित वळलेला हिरवा धागा. इतका देखणा फोटो की एका परिषदेत माझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं. जास्तीची एक प्रत घरी आणली, ती आत्याने मला न विचारता बाजारात नेऊन सोनेरी चौकटीत घालून घेतली आणि दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली टांगली.

त्याच आठवड्यात फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. सगळ्या तसबिरींवर त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, त्यात माझं एन्झाइमही आलं. मग त्यांनी विचारलं, "हे कुणाचं चित्र?"

"लीनाच्या पेशी," आत्या अभिमानाने म्हणाली.

फादरनी काळजीने मान हलवली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत माझं नाव होतं. मिस्सा संपल्यावर तीन बायकांनी मला मिठी मारली.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात माझं संस्थेत व्याख्यान होतं. आमच्याकडे बापट सर म्हणून एक गृहस्थ प्रत्येक व्याख्यानाला येत. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरी करून कधीच निवृत्त झालेले. पहिल्या रांगेत बसत, दिवे मालवले की झोपत, आणि शेवटी समोशांचा वास आला की जागे होत. माझं बोलणं संपलं, टाळ्या पडल्या, बापट सर जागे झाले आणि त्यांनी हात वर केला.

"दिवा कुठला लावलाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"जुनाच ना? मग हा दिवा स्वतःच शेजारच्या दिव्याला चिकटतो. थोडासाच, पण चिकटतो. तेव्हा ओळीत कोण बसलंय, मुली? एन्झाइम की दिवे?"

मी काहीतरी बोलले. काय ते मला आठवत नाही, कुणालाच आठवत नसावं. बापट सरांनी मान डोलावली आणि समोसा घ्यायला गेले. मॅडमनी फाइल बंद केली. "पेपर पाठवायचा थांबव," त्या म्हणाल्या. "दिव्याशिवाय धागा दाखव. मग बोलू."

इथे एक कबूल करायला हवं. दिवे एकमेकांना चिकटतात हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षीच कुठेतरी वाचलं होतं, वहीत लिहूनही ठेवलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह काढून. पण पहिल्याच प्रयोगात ते धागे दिसले, इतके सुंदर दिसले, की ते पान मी पुन्हा उघडलं नाही. कुणी फसवलं नव्हतं मला. मला फक्त ते खरे असायला हवे होते.

दिव्याशिवाय धागा दाखवायचा म्हणजे साधं, काही न जोडलेलं यीस्ट घ्यायचं, उपाशी ठेवायचं, फॉर्मलिन घालून पेशी आहेत तशा थिजवायच्या आणि मग त्या एन्झाइमलाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी सोडायची. तिला लाल रंग जोडलेला असतो. अँटिबॉडी मागवली, ती यायला उपवासकाळाचे तीन आठवडे गेले. आल्यावर मी लगेच प्रयोग केला. सगळ्या पेशीभर लाल धुकं दिसलं. धागा एकही नाही. पुन्हा केला. पुन्हा धुकं.

शेजारच्या टेबलावर सुशांत परब काम करायचा. नाहूरचा, मूळचा मालवणकडचा, माझ्या एक वर्ष मागे. पोरगा हुशार, पण प्रयोगातली अर्धी पायरी वगळून पुढे जायची त्याला खोड. त्याची आई डब्यात बोंबील, सुरमई, कालवं काही ना काही देत असे, आणि मी चाळीस दिवस मासमटण सोडलेलं असताना हा रोज दुपारी माझ्या समोर डबा उघडायचा.

"वाट लागली ना यार," तो माझ्या पडद्याकडे बघत म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"नाही, पण लागली ना." मग जरा थांबून, "बोंबील खातेस? देवाला नाही सांगणार मी."

घरी त्याहून वाईट. उपवासकाळात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. लग्नं नाहीत म्हणजे फुग्यांची मागणी नाही, म्हणजे आत्याला काम नाही, म्हणजे तिचं सगळं लक्ष माझ्यावर. मी ताटातली भेंडी तीन दिवस नुसती चिवडली आणि चौथ्या दिवशी तिने सरळ विचारलं, "काय झालंय बाय?"

मी सांगितलं. दिवा, धागा, बापट सर, सगळं. डॅडी वर्तमानपत्रामागे होते, पण पान उलटलं जात नव्हतं.

"म्हणजे तो फोटो खोटा?" आत्याने विचारलं.

"कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे अजून कळलं नाही."

"आणि तू तो देवाखाली लावू दिलास."

"मी नाही लावला. तू लावलास."

"तू नाय म्हणाली नायस."

 "काढून टाक ना मग," मी म्हटलं.

आत्या चौकटीसमोर जाऊन उभी राहिली. "काढला तर लोक विचारतील. ठेवला तर देव विचारील," ती म्हणाली. मग ती आत गेली. ईस्टरच्या आधीचे दोन आठवडे आमच्या चर्चमधले क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडाने झाकतात, आणि त्या वर्षी ती कापडं आत्याने शिवून दिली होती. उरलेला तुकडा घेऊन ती बाहेर आली, चौकटीवर टाकला, मागून दोन टाचण्या लावल्या. "ईस्टरला देवांची कापडं निघतात. तेव्हा याचंही काढायचं. तोपर्यंत काय ते ठरव."

मॅडमनी मला तारीख दिली नव्हती. आत्याने दिली.

आता पुतळे चर्चमध्ये झाकतात, घरी कोणी झाकत नाही. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष जायचंच. शेजारची रोझीबाय साखर मागायला आली आणि वाटी हातात धरून बराच वेळ बघत राहिली. "हा कुठला संत गं फिलू?"

"अजून ठरायचंय," आत्या म्हणाली.

याच सुमारास, हाताला काम नाही म्हणून, आत्याने मसाला लवकर काढला. ओटीभर मिरच्या, त्यांचे देठ, धणे, हळकुंडं. दोन दिवस अंगणात भाजणं आणि कांडणं चाललं. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला त्या धुराची सवय हवी, पण मला ती कधीच झाली नाही. माझे डोळे सुजले, नाक लाल झालं, आणि संस्थेत मी दर मिनिटाला शिंकू लागले. मायक्रोस्कोपच्या खोलीच्या दारात मॅडमनी मला अडवलं.

"आत जाऊ नकोस. स्लाइडवर यीस्टपेक्षा तूच जास्त दिसशील. बरी हो, मग ये."

"मॅडम, ईस्टरपर्यंत..."

"ईस्टरचा काय संबंध?"

मी सांगितलं असतं तर त्यांनी समासात काहीतरी लिहिलं असतं. मी नुसती शिंकले.

राहिला सुशांत. त्याच्या हातात माझे नमुने द्यायचे म्हणजे जीव तुटत होता. मी त्याला सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून दिल्या. उपाशी यीस्ट काढ. स्वच्छ ताज्या द्रावणात तीनदा धू. मग फॉर्मलिन. हे धुणं माझं स्वतःचं. कुठल्या पद्धतीत ते लिहिलेलं नव्हतं. पण दोन दिवस उपाशी राहिलेल्या यीस्टच्या पाण्याला एक आंबूस वास येतो, आणि ती घाण अँटिबॉडीला अडवेल असं मला वाटायचं. आत्याच्या घरात वाढलेल्या मुलीला काहीही न धुता पुढे नेता येत नाही.

पुढच्या दिवशी दुपारी त्याने हाक मारली. "ए लीना. इकडे ये. नाकाला रुमाल बांध आणि ये."

मी त्याने पुढे केलेला रुमाल बांधून मायक्रोस्कोपशी वाकले. लाल रंगात, काळ्या पार्श्वभूमीवर, पेशींमध्ये धागे होते. आखूड, जाडसर, काही नुसते ठिपक्यांएवढे. पण धागे.

"काय केलंस तू?" मी विचारलं.

"तू लिहिलं तेच."

"तीनदा धुतलंस?"

तो पायाने स्टूल हलवत राहिला. "नाही धुतलं."

"म्हणजे?"

"डायरेक्ट फॉर्मलिन ओतलं फ्लास्कमध्ये. अगं, डब्यात बोंबील होते. थंड झाले की चामड्यासारखे लागतात."

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि शिंकले. शिंक संपेपर्यंत मला कळलं होतं. उपाशी पेशी आतून किंचित आंबट होते, आणि तो आंबटपणाच त्या एन्झाइमला ओळीत धरून ठेवतो. मी ज्या स्वच्छ द्रावणाने त्यांना धूत होते ते आंबट नव्हतं. म्हणजे मी दर वेळी फॉर्मलिन घालायच्या आधी दहा मिनिटं माझ्याच हाताने धागे सोडवत होते, आणि मग ते दिसत नाहीत म्हणून रडत होते.

कळणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. आम्ही तीन फ्लास्क केले. एक तसाच थिजवला, एक त्याच्याच आंबूस पाण्यात धुतला, एक माझ्या ताज्या द्रावणात. सुशांतने नावं झाकून मला नुसते क्रमांक दिले, म्हणजे मला जे हवं ते मी बघू नये. पहिल्या दोन्हींत धागे, तिसऱ्यात धुकं. त्या आठवड्यात ते आम्ही पुन्हा दोनदा केलं आणि दोन्हीदा तसंच आलं.

मॅडमनी बराच वेळ डोळा लावून बघितलं. "हं," त्या म्हणाल्या. मॅडमचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात घातलेला हार. मग म्हणाल्या, "तुझ्या स्वच्छतेपायी आठवडे गेले. लांबी मोजलीस?"

मोजली होती. तेच सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. धागे खरे होते. पण हिरव्या फोटोतल्यापेक्षा पुष्कळ आखूड होते आणि सगळ्या पेशींत नव्हते. एन्झाइम आपणहून ओळीत बसत होतं, आणि पाठीवरचे दिवे एकमेकांना चिकटून ती ओळ लांबवत होते. बापट सर अर्धे बरोबर होते. मी अर्धी बरोबर होते. माझा फोटो मात्र पूर्ण खराही नव्हता आणि पूर्ण खोटाही नव्हता, आणि अशा गोष्टीचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"बक्षीसवाला फोटो पेपरात जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. "हा जाईल. आणि दिव्यामुळे काय झालं ते आपणच लिहायचं, पहिल्याच पानावर. दुसऱ्याने लिहिण्याआधी." मग दाराशी जाऊन वळल्या. "चांगलं काम आहे, लीना." त्यांच्या तोंडून हे चार शब्द ऐकायला मी चार वर्षं थांबले होते, आणि ते आले तेव्हा माझ्या नाकाला सुशांतचा रुमाल बांधलेला होता.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा आटोपून घरी आलो. आत्याने साडीचा पदर खोचला आणि पहिली कढई चढवली. चाळीस दिवसांनी घरात तळणीचा वास. डॅडींनी वाइनची बाटली बाहेर काढून टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मी पिशवीतून नवा फोटो काढला. रंग काढून टाकून, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून छापलेला, करडा. करड्या वाटोळ्या पेशी, त्यांत आखूड काळसर रेघा. सुंदर अजिबात नाही. कुणी आरशावर नखाने ओरखडे काढावेत तसा.

आत्या पिठाचे हात धुऊन बाहेर आली. तिने जांभळं कापड काढलं, घडी केली, आणि दोन्ही फोटो शेजारी धरून बघितले.

"बोल," ती म्हणाली.

"धागे खरे आहेत. पण इतके लांब नाहीत. तो हिरवा फोटो... जरा जास्तच चांगला आलाय."

"कुणी केला जास्त चांगला?"

"दिव्याने. आणि मी बघितलं नाही नीट. बघायचं नव्हतं मला."

ती आत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक जुना फोटो घेऊन आली. मी तो कधी पाहिलेला नव्हता. चोवीस-पंचवीसची एक मुलगी, गोरीपान, लांब पापण्या, ओठ मिटलेले, हातात कागदाचं गुलाब.

"कोण ही?"

"मी."

डॅडींनी वाइनवरची नजर काढली. "अजून ठेवलायस तो?" ते म्हणाले.

"स्टुडिओवाल्याने रंग उजळला. पापण्या रंगवून लांब केल्या. दातांत फट होती ती दिसू नये म्हणून तोंड मिटून बसवलं. तुझ्या आजोबांनी तो फोटो गोराईला पाठवला, आणि तिथून एकजण बघायला आला." आत्याने टेबलावर चौकट पालथी घातली आणि सुरीच्या टोकाने मागचे खिळे वाकवायला लागली. "मी फुगे केलेले. त्याने चौदा खाल्ले. दोन पेले वाइन प्याला. मी समोरच बसलेले. तर तुझ्या आजोबांना विचारतो, फोटोतली मुलगी कुठाय?"

"मग?"

"मी म्हटलं, ती स्टुडिओत राहते. तिथे जा."

डॅडी खाली बघून हसत होते. त्यांचे खांदे हलत होते. आत्याने हिरवा फोटो बाहेर काढला, करडा फोटो काचेला लावला, आणि हिरवा त्याच्या मागे परत घातला. "राहू दे त्यालाही. मागे," ती म्हणाली आणि एकेक खिळा अंगठ्याने दाबून बसवू लागली. मी चौकटीची कड धरून उभी होते. इतकी वर्षं एका घरात राहून ती गोष्ट मला माहीतच नव्हती, आणि ती सांगताना तिचा आवाज जराही बदलला नव्हता.

"तुला वाईट वाटलं असेल ना गं, आत्या?"

तिने शेवटचा खिळा दाबला आणि थोडा विचार केला. मला वाटलं, ती नाही म्हणेल.

"फुग्यांचं वाटलं," ती म्हणाली. "चौदा होते."